गाडीची गाडी

माझ्या पुतण्यानं गेल्या पावसाळ्यात एक गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "नाना, आते गाडीले गाडी जोयजे."

गाईला चारा लागतो, घोड्याला खरारा लागतो आणि नवरदेवाला करवली लागते, हे मला ठाऊक होतं. पण गाडीला गाडी लागते हे ज्ञान मला शाळेतून निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी झालं. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. तेव्हा भूतकाळाची मला सवय आहे. वर्तमानकाळ मात्र असा अंगणात येऊन उभा राहिला की माझी तारांबळ उडते.

अंगणात जे उभं होतं त्याला पुतण्या 'क्वाड बाईक' म्हणत होता. हँडल मोटारसायकलचं, चाकं ट्रॅक्टरच्या पोरासारखी फुगलेली, आणि ती चार. बसायचं मात्र घोड्यासारखं, दोन्हीकडे पाय टाकून. शेजारच्या आप्पांनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "हाई काय शे, मास्तर?" ठाऊक नसलं तरी उत्तर द्यायचं, ही शिक्षकाची जुनी खोड. मी म्हणालो, "घोडा आहे. लोखंडी."

उत्तर अगदीच चुकलं नव्हतं. थंड हवेच्या ठिकाणी कुणाचा तरी पर्यटकांना फेऱ्या मारून देण्याचा धंदा बसला, त्याच्याकडून हे जनावर पुतण्यानं स्वस्तात आणलं होतं. आता खानदेशातल्या यात्रांमधून तो तरुण मंडळींना त्याच्यावर फेऱ्या देणार होता. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा बाजार मोठा नावाजलेला. त्या खऱ्या घोड्यांच्या शेजारी आपला लोखंडी घोडा उभा करायचा, असा बेत. पण या घोड्याला रस्त्याचं पासिंग नाही. म्हणजे सोनगीरहून सारंगखेड्यापर्यंत तो स्वतःच्या पायांनी जाऊ शकत नाही.

"अरे, आमच्या वेळी घोडे चालत यात्रेला जायचे," मी म्हणालो.

"घोडा बी आते ट्रकमाच येतस, नाना."

यावर इतिहास निरुत्तर झाला.

पुतण्याच्या मनात एक लांबलचक पिकअप भरली होती. दहा फुटी हौदा, रुबाबदार तोंड, आणि हप्ता असा की ऐकूनच माझ्या पेन्शनला घाम फुटला. पहिला भरणा मी द्यावा, अशी नम्र सूचना होती. "आज एक बाईक आहे, उद्या तीन होतील," तो म्हणाला. हे वाक्य मी आमच्या घरात पूर्वी एकदा ऐकलं होतं. त्याची किंमत माझ्या आईच्या पाटल्या होती.

ती हकिकत सांगण्यापूर्वी थोडं सोनगीर सांगायला हवं. धुळ्याहून आग्रा रोडनं उत्तरेला निघालं की वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. वर किल्ला, खाली हमरस्ता, आणि दोहोंच्या मध्ये तांब्यापितळेच्या भांड्यांची ठोकठोक. बाहेरची माणसं आमच्या गावाला किल्ल्यावरून ओळखतात, आणि सासुरवाशिणी हंड्यावरून. गावातून रेल्वे कधी गेली नाही. तेव्हा हजारो हंडे, घागरी आणि पराती गावाबाहेर पडल्या त्या चाकांवरूनच. आमच्या गावाचा इतिहास राजांनी केला असेल, पण संसार चाकांनी चालवला.

आजोबा भांडी बैलगाडीतून नेत. सारंगखेड्याला जायचं तर वाटेत दोन मुक्काम. गाडीत तळाला कडबा, त्यावर हंडे, फटींमध्ये पुन्हा कडबा. जाताना हंड्यांना पोचे पडू नयेत म्हणून घातलेला कडबा मुक्कामाला बैल खात. माल बांधायचं साहित्यच इंधन म्हणून वापरणारी गाडी पुढे कोणत्याही कारखान्याला काढता आलेली नाही. येताना गाडीत भुईमूग, मिरच्या, कधी एखादा पाहुणा असायचा. आजोबांचा एकच नियम होता: जाताना काय न्यायचं हे कुणीही सांगेल, येताना काय आणायचं ते ठरल्याशिवाय बैल जुंपू नये.

वडिलांना हा नियम जुनाट वाटला. १९७१ साली त्यांनी एक जुना ट्रक घेतला. "आज एक दुकान आहे, उद्या तीन होतील," असं तेही म्हणाले होते. ट्रक आला तेव्हा आम्ही पोरांनी गावभर मिरवणूक काढली. पण भांड्यांचा एक गुण वडिलांच्या लक्षात आला नाही. घागर म्हणजे तांब्याचं कातडं आणि आत नुसती हवा. गळा अरुंद, त्यामुळे एकात एक बसत नाही. ट्रक गळ्यापर्यंत भरायचा, पण त्यात वजन म्हणावं तर थोडं. आमचा ट्रक धुळे, शिरपूर, दोंडाईचा असा मुख्यतः हवा पोचवत फिरत होता. आणि परत येताना तर तीही आमची नसायची.

त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला रोजगार हमीवर जाऊ लागले. हंडे विकत घ्यायचं सोडाच, घरातले हंडे मोडीत घालायला दुकानाच्या पायरीशी रांग लागली. आपल्याच दुकानातून लग्नात गेलेली घागर बाई परत आणून तराजूत ठेवते, तेव्हा वजन करणाऱ्याचा हात कसा होतो ते मी पाहिलंय. हप्ते थांबले नाहीत. दोन वर्षांनी ट्रक गेला, त्याच्या मागोमाग पाटल्या गेल्या, आणि मागच्या अंगाचं अर्धं घर गेलं. वडील त्यानंतर बारा वर्षं जगले, पण "उद्या" हा शब्द त्यांनी फारसा वापरला नाही.

ट्रक गेल्यावर आमचं दुकान तगलं ते भाड्याच्या टेम्पोवर. आता हा 'टेम्पो' शब्द पाहा. आपल्याला तो पोळपाटाइतका मराठी वाटतो. मुळात ते जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. तिकडे १९२८ पासून चारांपेक्षा कमी चाकांच्या आणि अगदी लहान इंजिनाच्या गाड्यांना कर आणि परवाना माफ झाला. लहान दुकानदारांनी तीनचाकी गाड्यांवर उड्या घातल्या. सवलतीवर उड्या घालण्यात जर्मन माणूस आणि धुळ्याचा व्यापारी यांत फरक नाही, हे इतिहासानं दाखवून दिलं. १९५८ साली या कंपनीशी सहकार्य करून आपल्याकडे 'बजाज टेम्पो' उभी राहिली. ती उभी करणारे नवलमल फिरोदिया हे अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले गृहस्थ. आधी मुंबईत गोरेगावला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला ही तीनचाकी तयार होऊ लागली. पुढे एक चाक, त्याच्याच डोक्यावर इंजिन, मागे दोन चाकं आणि माल. चेहरा सर्दी झालेल्या डुकरासारखा, पण स्वभावानं गरीब. १९६९ साली त्याच कंपनीची चारचाकी मॅटॅडोर आली. लोकांनी तिलाही टेम्पोच म्हटलं. पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, त्यांनाही टेम्पोच म्हटलं. गाडीला नाव द्यायचा हक्क कंपनीचा असेल, पण हाक मारायचा हक्क गावाचा असतो.

या लहान गाडीनं एक मोठं काम केलं. ट्रकवाल्याकडे जाऊन "आमचे चार हंडे घ्या हो" म्हणून हात जोडणारा माणूस आपल्या चार हंड्यांपुरता मालक झाला. मग इटलीची आपे आली. तिकडे ती १९४८ सालची; इकडे बारामतीच्या कारखान्यातून निघून गल्लीबोळांत शिरली. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. आवाज ऐकल्यावर नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका राहत नाही.

आणि २००५ साली टाटांची एस आली, म्हणजेच आपला छोटा हाथी. गंमत पाहा, त्याच वर्षी बजाज टेम्पोचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं. टेम्पो पाटीवरून गेला आणि हत्ती रस्त्यावर आला. या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरांचं, सातशे सीसीच्या आसपासचं. इंडिकाच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचं निम्मं केल्यासारखं. वाहायची ताकद पाऊण टन. गिरीश वाघ आणि त्यांचे सहकारी ही गाडी आखण्यापूर्वी तीनचाकीवाल्यांना भेटत फिरले होते. एका पोरानं त्यांना सांगितलं म्हणे की, चार चाकांची गाडी असेल तर गावात लग्नाला मुलगी लवकर मिळेल. भार, वेग, मायलेज असली सगळी उत्तरं बाजूला ठेवून मला हेच उत्तर पटलं. कारण आमचा पुतण्या एकोणतीस वर्षांचा आहे, आणि भांड्याच्या दुकानावर बसणाऱ्या मुलाला आजकाल स्थळं कशी येतात ते मी रोज पाहतो. म्हणजे येत नाहीत.

तेव्हा पिकअपमागचं खरं कारण मला कळलं. पण हप्ताही कळत होता.

मी टेप आणि खडू घेतला. आधी लोखंडी घोडा मोजला. लांबी सहा फूट, रुंदी पावणेचार फूट, वजन सव्वादोनशे किलोच्या घरात. मग अंगणात खडूनं एकेका गाडीचा हौदा काढला. आप्पांना वाटलं मास्तरांनी म्हातारपणी लंगडी काढली.

शेजाऱ्यांची जुनी बंद व्हॅन पहिल्यांदा बाद झाली. ती माणसं न्यायला उत्तम, पण घोड्याचं हँडल दारातून आत जाईना. आपेच्या चौकटीत घोडा बसला, पण मागचा फाळका बंद करायला बोटभरसुद्धा जागा उरेना. शिवाय तीन चाकांवर हा ठेंगणा, अवजड ऐवज ठेवून हमरस्त्याच्या वाऱ्यात निघायचं म्हणजे देवाला कामाला लावणं. याबाबतीत खुद्द घोड्याच्या घराण्याचाच दाखला होता. १९७० साली होंडानं अमेरिकेत असली गाडी विकायला काढली ती तीन चाकांची. सुझुकीनं १९८२ साली चार चाकांची आणली. तीनचाकी उलटून इतकी माणसं जायबंदी झाली, कित्येक प्राणाला मुकली, की १९८८ साली अमेरिकेत तिची विक्री थांबवावी लागली. टेम्पो काय, घोडा काय, दोघांनाही चौथं चाक अनुभवानंच सुचलं.

छोट्या हत्तीचा हौदा निघाला सव्वासात फूट लांब आणि जवळजवळ पाच फूट रुंद. त्यात घोडा ठेवला तर पुढे फूटभर आणि बाजूला अर्धा-अर्धा फूट उरला. वजन तर हत्तीच्या ताकदीच्या एकतृतीयांशही नाही. शिवाय मालासकट तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही, म्हणजे एक खेटा वाचला. पिकअपच्या चौकटीत घोडा ठेवल्यावर मात्र पाठीमागे चार फूट मोकळी जागा राहिली. पुतण्या त्या जागेकडे पाहत म्हणाला, "इथं उद्याची बाईक येईल."

"या जागेत तुझ्या आजोबांचा ट्रक उभा आहे," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. ही हकिकत त्याला अर्धवटच ठाऊक होती. पाटल्यांचं त्याच्या बापानं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. बराच वेळ तो खडूच्या रेघांमध्ये उभा राहिला. मग त्यानं पायानं पिकअप पुसली.

आम्ही जुना छोटा हाथी घेतला. घेण्याआधी तो रिकामा नाही, भरून चालवून पाहिला. घाटात जनावराची पारख होते, सपाटीवर सगळीच धावतात. सुताराकडून दोन जाड फळ्या करून घेतल्या, घोडा चढवायला. पहिल्यांदा पुतण्यानं फुशारकीनं इंजिन चालू करून घोडा वर नेला तेव्हा तो थेट केबिनला नमस्कार करून थांबला. तेव्हापासून इंजिन बंद, आणि चौघांनी ढकलायचा. मग गियरमध्ये टाकून, ब्रेक ओढून, चारी कोपऱ्यांना पट्टे. पैसे देताना मी अटी घातल्या: यात्रेत बांबूचं रिंगण हवं, बसणाऱ्याच्या डोक्याला हेल्मेट हवं, आणि लहान पोराच्या हाती हँडल द्यायचं नाही.

मार्गशीर्षात आम्ही सोनगीर फाट्यावरून दोंडाईचाच्या रस्त्याला लागलो. हौद्यात मध्यभागी घोडा, आणि भोवतीच्या अर्ध्या-अर्ध्या फुटात, गोणपाटात गुंडाळलेले तांबे आणि पितळी पराती. ही कल्पना पुतण्याची. बापाला न विचारता त्यानं दुकानातला पडून राहिलेला माल भरला होता.

यात्रेत घोड्यावर गर्दी झाली, पण फोटो काढायला. पैसे देऊन बसणारे मोजकेच. तांबे मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, असं हल्ली शहरातल्या माणसांना पुन्हा वाटू लागलंय. परतीला एका घोडेवाल्याचं खोगीर-सामान आणि एका शेतकऱ्याची मिरचीची पोती दोंडाईचापर्यंत मिळाली. रात्री पुतण्यानं हिशोब केला. घोड्यानं डिझेल सोडवलं. तांब्यांनी हप्ता सोडवला. परतीच्या भाड्यात आम्ही दोघं जेवलो आणि वर काही उरलं.

"नाना," तो म्हणाला, "गाडीपेक्षा गाडीची गाडीच जास्त कमावते."

मी आजोबांचा नियम त्याला सांगितला नाही. तो त्याला आपणहून सापडला होता, उगाच त्याच्यावर हक्क सांगण्यात अर्थ नव्हता.

गेल्या महिन्यात शिंदखेड्याकडची मंडळी मुलगा पाहायला आली होती. चहा झाला, शेती विचारून झाली. मग मुलीच्या मामांनी घसा खाकरून मुद्द्याला हात घातला, "मुलाकडे स्वतःची गाडी आहे का?"

"दोन आहेत," मी म्हणालो. "त्यातली एक दुसरीत बसून जाते."

विचार करून कळवतो म्हणाले आहेत.