संत ऑड्रीची रेशमी दोरी

शब्दांनाही माणसांसारखे भाग्य असते. काही शब्द सामान्य घरात जन्मून मानाला चढतात, तर काही देवळाच्या पायरीशी जन्मून बाजारात घसरतात. इंग्रजीतील ‘टॉड्री’ हा शब्द दुसऱ्या प्रकारचा. दिसायला भडक, पण मोलाने हलक्या अशा वस्त्राभूषणांना हे विशेषण लावतात. ज्या नावातून तो निघाला ते मात्र एका राजकन्येचे, किंबहुना एका संत स्त्रीचे आहे.

सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागात अ‍ॅना नावाचा राजा होऊन गेला. एथेल्ड्रेडा ही त्याची कन्या. लोकांच्या तोंडी तिचे नाव पुढे ‘ऑड्री’ झाले. दोनदा विवाह होऊनही तिने आपले कौमार्यव्रत मोडले नाही. नॉर्थम्ब्रियाचा राजा एग्फ्रिड याच्यासोबत बारा वर्षे काढल्यावर तिने बिशप विल्फ्रिड यांच्या हस्ते संन्यासवस्त्र स्वीकारले आणि ६७३ च्या सुमारास ईली येथे मठ स्थापन केला. संत बीड यांनी ७३१ साली पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात तिचे चरित्र आले आहे. तलम लिनन टाकून ती केवळ लोकरीचे वस्त्र नेसे आणि बहुधा दिवसातून एकदाच जेवी. अखेरच्या आजारात तिच्या मानेवर मोठी गाठ आली. तरुणपणी गळ्यात निरर्थक अलंकार मिरवले, त्याचे हे प्रायश्चित्त, असे मानून तिने ते दुखणे आनंदाने सोसले. ६७९ साली तिचे देहावसान झाले. सोळा वर्षांनी तिची बहीण सेक्सबर्ग हिने थडगे उघडविले, तेव्हा देह अविकृत आढळला आणि वैद्याने केलेली मानेवरची जखमही भरून आलेली होती, असे बीड सांगतात.

या घटनेच्या स्मरणार्थ १७ ऑक्टोबरला ईलीत सण होई आणि त्यासोबत जत्रा भरे. तेथे विकल्या जाणाऱ्या रेशमी गळपट्टीला ‘सेंट ऑड्रीज लेस’ म्हणत. ‘सेंट’मधील शेवटचा ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला आणि ‘टॉड्री लेस’ तयार झाले. लंडनमधील ‘टूली स्ट्रीट’ हे नावही असेच संत ओलाव्ह यांच्या नावावरून आले आहे. येथे ‘लेस’ म्हणजे जाळीदार विणकाम नव्हे. तो शब्द फास या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आणि मूळ अर्थ दोरी असा आहे. आपणही बुटाच्या दोरीला आणि फ्रॉकच्या झालरीला एकाच नावाने ‘लेस’ म्हणतो. त्यात जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात.

ही गळपट्टी स्त्रिया का घालीत? याची दोन उत्तरे आहेत. एलिझाबेथ राणीच्या काळात अनेक वर्षे कैद भोगलेले कॅथलिक इतिहासकार निकोलस हार्प्सफील्ड यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापला गेला. इंग्लिश स्त्रिया गळ्यात घालतात ती बारीक रेशमी माळ कदाचित संत एथेल्ड्रेडाच्या दुखण्याची आठवण असावी, असे त्यांनी सुचविले आहे. उलट सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या शब्दकोशात शब्दाचे मूळ जत्रेतील मालाशी जोडले. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी नाहीत. जत्रेतून घरी आणलेली वस्तू एकीच्या गळ्यात भक्तीची खूण असेल, तर दुसरीच्या गळ्यात निव्वळ शोभा.

आरंभी या वस्तूला कमीपणा नव्हता. स्पेन्सर या कवीच्या १५७९ च्या काव्यात ती साजशृंगारात येते आणि शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये गावातील मुलगी आपल्या प्रियकराला तिची आठवण करून देते. पण दरम्यान १५३९ मध्ये ईलीचा मठ बंद झाला होता. १५४१ मध्ये बिशपांच्या आज्ञेने संतांच्या समाधींचा विध्वंस झाला. समाधी गेली, जत्रा राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘टॉड्री’ हे विशेषण हिणकस दिखाऊपणासाठी रूढ झाले. अलंकारांचा मोह सोडलेल्या स्त्रीचे नाव अखेर हलक्या अलंकारांनाच चिकटले!

तरीही तिची स्मृती पुसली गेली नाही. ईलीच्या बिशपांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये बांधलेले तिच्या नावाचे चर्च १८७४ साली पुन्हा कॅथलिकांच्या हाती आले. तेथे संत ब्लेझ यांच्या सणाला, ३ फेब्रुवारीस, दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद दिला जातो. गळ्याच्या विकारांत भाविक ज्या संत स्त्रीचा धावा करीत आले, तिच्याच मंदिरात हा विधी व्हावा, हे किती समर्पक!

भक्तीबरोबर बाजार येतोच, आणि त्यात पाप नाही. गरीब घरची मुलगी चार पैशांची रेशमी दोरी घेऊन हरखली असेल, तर तो आनंदही सणाचाच भाग होता. मात्र दोरी कोणाच्या नावाची, हे घरातील वडीलधाऱ्यांनी तिला सांगत राहिले पाहिजे. ते सांगणे थांबले की नाव फक्त मालाचे उरते. आपल्या सणांच्या दुकानांतून मुलांसाठी माळा आणि पदके घेताना एवढी काळजी आपणही घेऊ शकतो.