आवाज फाटतो कुठे? माझ्या सिनॉप्सिसमधली एक चूक

बिडकीनला आमच्या ओळखीच्या एका मंडपवाल्या काकांकडे व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर अजून आहे. त्यांना विचारलं, "काका, आवाज फाटायला लागला की काय करायचात?" "काय करणार? बटन खाली. भजन चालू असताना फाटलेला आवाज कोण ऐकून घेतं?"

गिटारवाल्यांनी हेच बटन वर नेलं. माझा विषय तिथूनच सुरू होतो, आणि चूकही तिथेच झाली. सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं : 'फेंडरने स्वच्छ आवाज दिला, मार्शलने मुद्दाम जास्त गेन देऊन तो फाडला.' समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "'मुद्दाम' कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दोन सर्किट डायग्राम शेजारी ठेवून बसलो. एक फेंडरच्या बासमनचा, १९५० च्या दशकाच्या शेवटचा, ५एफ६-ए नावाचा. दुसरा मार्शलच्या जेटीएम-४५ चा. लंडनजवळ हॅनवेलला जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं, तिथे १९६२ मध्ये हा बनायला लागला. बासमन समोर ठेवूनच बनवला, हे कुणी लपवलेलं नाही.

फरक पहिल्याच व्हॉल्व्हवर दिसतो. बासमनमध्ये १२एवाय७ आहे, त्याचा वर्धनांक सुमारे ४४. मार्शलमध्ये ईसीसी८३, वर्धनांक १००. प्रत्यक्ष सर्किटमध्ये गेन याहून कमीच मिळतो, पण पुढच्या टप्प्याला जाणारा सिग्नल मोठा होतो आणि त्याची टोकं लवकर कापली जातात. यालाच आपण फाटणं म्हणतो. इथपर्यंत माझं वाक्य बरोबर वाटतं, नाही का?

आता शेवटचा टप्पा बघा. दोन्हीकडे स्पीकरच्या बाजूने थोडा सिग्नल उलटा परत आणतात, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. तो जितका जास्त, तितका आवाज स्वच्छ. बासमन तो २ ओहमच्या टोकावरून घेतो, जुना जेटीएम-४५ १६ ओहमच्या. रेझिस्टर तोच, २७ किलोओहमचा, पण व्होल्टेज जवळपास २.८ पट. म्हणजे मार्शल पुढून जास्त गेनवाला आणि मागून जास्त स्वच्छ! फाडण्याचाच हेतू असता तर हे कशाला केलं असतं? ईसीसी८३ हा तर युरोपात सहज मिळणारा व्हॉल्व्ह. हाताशी असलेला माल वापरला, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. फाडला तो वाजवणाऱ्यांनी. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या रेकॉर्डिंगला याच घराण्यातला अ‍ॅम्प मोठ्याने लावला, आणि 'दोष' सगळ्यांना हवाहवासा झाला.

हे मुंबईला लावताना आणखी जपायला हवं. 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डवर गिटार फाटलेली ऐकू येते. पण ती अ‍ॅम्पमुळे, फझच्या डबीमुळे, की रेकॉर्डिंगच्या टेपमुळे? नुसत्या कानाने ठरत नाही. तेव्हा आयातीवर बंधनं होती, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. त्यामुळे अ‍ॅम्पवर पाटी कुठली आहे यापेक्षा आत काय बसवलंय हे बघावं लागतं. ध्वनिमुद्रण हा पुरावा आहेच, पण तो अ‍ॅम्पचा नाही, त्या अख्ख्या साखळीचा आहे.

सिनॉप्सिसमधून 'मुद्दाम' काढून टाकलंय. सध्या गाणी कमी ऐकतो, दुरुस्तीवाल्यांच्या वह्या जास्त शोधतो. काकांच्या अ‍ॅम्पच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला निघाला. कुठला व्हॉल्व्ह काढून कुठला बसवला, पेन्सिलीने लिहिलंय. दोन ओळी पुसट आहेत, त्यासाठी रविवारी टॉर्च घेऊन परत जाणार आहे.