राजाश्रय आणि संस्था : बहमनी दख्खनच्या अनुभवातून इस्लामी बौद्धिक परंपरेच्या उत्कर्ष-अपकर्षाचा विचार

प्रास्ताविक

इस्लामी जगतातील बौद्धिक जीवन आठव्या ते बाराव्या शतकात एवढ्या उंचीवर कसे पोहोचले आणि पुढे ते क्षीण का झाले, हा जागतिक इतिहासलेखनातील बहुचर्चित प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही वारंवार आढळतात. पहिले उत्तर असे की इमाम गझालीने (मृत्यू इ. स. ११११) तत्त्वज्ञांवर टीका केली आणि तेव्हापासून धर्मपंडितांनी स्वतंत्र विचाराची वाट बंद केली. दुसरे उत्तर असे की इ. स. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले आणि त्याबरोबरच ही परंपरा संपली. ही दोन्ही उत्तरे बगदाद डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत. हाच प्रश्न आपल्या भूमीवर, म्हणजे बहमनी आणि बहमनोत्तर दख्खनमध्ये, विचारला तर काय दिसते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. दख्खनच्या अनुभवावरून असे म्हणता येते की ज्ञानाचा उत्कर्ष व्यापारमार्ग, राजाश्रय आणि अनेक परंपरांच्या संपर्कातून झाला. तर त्याचा अपकर्ष मुख्यतः ज्ञानव्यवहार आश्रयदात्या व्यक्तीवर विसंबून राहिल्यामुळे झाला.

बगदादची पार्श्वभूमी

अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने इ. स. ७६२ मध्ये बगदाद वसविले. त्याच्या दरबारी भारतीय ज्योतिषशास्त्राचा एक सिद्धांतग्रंथ पोहोचला व त्यावरून अरबीत ‘सिंदहिंद’ या नावाने ओळखली जाणारी परंपरा निर्माण झाली. पुढे अल-मामूनच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३) ग्रीक ग्रंथांच्या भाषांतराला मोठी चालना मिळाली. हुनैन इब्न इसहाक हा अग्रगण्य भाषांतरकार ख्रिस्ती होता, ही गोष्ट या काळाच्या वृत्तीवर प्रकाश टाकते. कागदाचा प्रसार, एक समान विद्वत्भाषा, दूरवरचा व्यापार आणि शासनाला लागणारे गणित, वैद्यक व ज्योतिष यांची गरज, या सर्वांचा तो संयुक्त परिणाम होता.

गझालीनंतर सर्व संपले, हे मत मात्र पुराव्याशी जुळत नाही. बगदादच्या पाडावानंतर एकाच वर्षाने, इ. स. १२५९ मध्ये, त्याच हुलागूच्या आश्रयाने नसिरुद्दीन तूसीने मरागा येथे वेधशाळा उभारली. दमास्कसच्या इब्न अल-शातिरने (मृत्यू इ. स. १३७५) मांडलेली ग्रहगतीची प्रारूपे कोपर्निकसच्या प्रारूपांशी लक्षणीय साम्य दाखवितात. जॉर्ज सलिबा यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच आधारावर अपकर्षाची रूढ कालगणना नाकारली आहे. म्हणजेच पंधराव्या शतकात दख्खनमध्ये जे विद्वान येत होते, ते एखाद्या मृत परंपरेचे अवशेष नव्हते. ते एका जिवंत परंपरेचे प्रतिनिधी होते.

दख्खनमधील उत्कर्ष

इ. स. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली. राजकीय दृष्ट्या हा प्रयोग फसला असे मानले जाते. पण त्यानिमित्ताने दिल्लीचे सूफी, कवी आणि लेखनिक दख्खनमध्ये आले. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि ‘फवाइद-उल-फुआद’चा कर्ता अमीर हसन सिज्जी यांच्या कबरी खुलताबादेस आहेत. इ. स. १३४७ मध्ये दौलताबादेसच बहमनी सत्तेची स्थापना झाली.

बहमनी सुलतान मुहम्मद दुसरा (इ. स. १३७८ ते १३९७) याने अनाथ मुलांसाठी शाळा काढल्याची नोंद फिरिश्ताने केली आहे. त्याने दिलेल्या यादीत गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल आणि दाभोळ ही नावे आहेत. विदर्भातील अभ्यासकाच्या दृष्टीने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे नाव महत्त्वाचे आहे. विद्येची ही व्यवस्था केवळ राजधानीपुरती नव्हती; ती वऱ्हाडापासून कोकण किनाऱ्यापर्यंत पसरली होती आणि या शाळांना निर्वाहासाठी नेमणुकाही होत्या.

त्यानंतरचा सुलतान फिरोजशाह (इ. स. १३९७ ते १४२२) स्वतः विद्वान होता. आठवड्यातील ठरावीक दिवशी तो स्वतः अध्यापन करीत असे आणि त्याच्या विषयांत भूमितीचाही समावेश होता. गोवा आणि चौल या बंदरांतून तो दरवर्षी जहाजे पाठवी. ती देशोदेशींच्या वस्तूंबरोबर गुणी माणसेही घेऊन येत, असे फिरिश्ता सांगतो. घोडे, कापड आणि मसाले यांच्या व्यापारमार्गानेच ज्ञानही येत होते, हे यातून स्पष्ट होते.

या क्रमातील सर्वांत मोठे नाव महमूद गावानचे. इराणमधील गिलान प्रांतातील हा व्यापारी इ. स. १४५३ च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. ‘रियाज-उल-इन्शा’ या त्याच्या पत्रसंग्रहावरून हेरातचा कवी जामी याच्यासह इस्लामी जगातील अनेक विद्वानांशी त्याचा संपर्क असल्याचे दिसते. इ. स. १४७२ मध्ये त्याने बीदर येथे मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मध्यभागी विस्तीर्ण चौक, अध्यापनाची दालने, विद्यार्थी व शिक्षकांच्या निवासाच्या खोल्या, दर्शनी बाजूस रंगीत चकचकीत फरशा आणि मनोरे अशी तिची रचना होती. समरकंद आणि खुरासानच्या मदरशांची परंपरा येथे दख्खनच्या मातीत उभी राहिली. गावानजवळ तीन हजार ग्रंथ होते आणि ते त्याने विद्यार्थ्यांसाठी ठेवले होते, असे फिरिश्ताचे म्हणणे आहे.

एक अपुरी वेधशाळा

या उत्कर्षाच्या ऐन मध्यावरच अपकर्षाचे कारण दाखविणारी एक घटना घडलेली आहे. इ. स. १४०७ मध्ये फिरोजशाहाने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधण्याचा आदेश दिला. हकीम हसन गिलानी आणि सय्यद मुहम्मद काजरूनी या विद्वानांकडे हे काम होते. समरकंद येथील उलुघ बेगच्या वेधशाळेपूर्वीचा हा प्रयत्न आहे. परंतु हकीम हसनचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते थांबविण्यासाठी कोणा धर्मपंडिताने विरोध केल्याचे फिरिश्ता सांगत नाही. आश्रयदाता राजा तर पुढे अनेक वर्षे हयात होता. काम थांबले, कारण ते जाणणारा माणूस गेला आणि त्याची जागा घेणारा दुसरा माणूस तयार करणारी व्यवस्था नव्हती.

इतर ठिकाणची उदाहरणे ताडून पाहता हे सूत्र अधिक स्पष्ट होते. उलुघ बेगचा इ. स. १४४९ मध्ये खून झाला आणि समरकंदच्या वेधशाळेचे कार्य संपले. इस्तंबूल येथे तकीउद्दीनची वेधशाळा इ. स. १५७७ मध्ये सुरू झाली व इ. स. १५८० मध्ये सुलतानाच्याच आज्ञेने पाडली गेली. या शेवटच्या प्रसंगी धार्मिक विरोधाचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण तो विरोध परिणामकारक ठरला याचे कारण संस्थेचे अस्तित्व एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून होते. हा केवळ इस्लामी जगाचा दोष होता असेही नाही. उलुघ बेगच्या सारण्यांचा अभ्यास करून वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाचा इ. स. १७४३ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याच्याही वेधकार्याला ओहोटी लागली. दोष धर्माचा नसून दरबारी रचनेचा होता.

दुफळी आणि विनाश

दरबारी रचनेतील दुसरी दुर्बलता गटबाजीची होती. बाहेरून येणाऱ्या आफाकींमुळे दख्खनचे बौद्धिक जीवन समृद्ध झाले; पण पदे आणि जहागिरी यांवरून आफाकी व दख्खनी सरदारांत वैर वाढत गेले. गावानने दोन्ही गटांत समतोल राखण्याचा प्रयत्न केला. तरीही त्याची मुद्रा असलेले एक बनावट पत्र सुलतानापुढे ठेवण्यात आले. ओडिशाच्या राजास आक्रमणाचे निमंत्रण दिल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि दि. ५ एप्रिल १४८१ रोजी या वृद्ध वजिराचा वध झाला. पुढच्याच वर्षी सुलतान मरण पावला आणि काही वर्षांतच राज्याची शकले झाली.

हे वैर उत्तराधिकारी राज्यांतही संपले नाही. बालपणी पित्याबरोबर अहमदनगरला आलेला फिरिश्ता तेथील दरबारात वाढला. इ. स. १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशीयांची कत्तल झाली आणि त्याच वर्षी तो विजापूरला गेला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहासग्रंथ लिहिला. दख्खनच्या विद्याव्यवहाराची आपणास जी माहिती आहे, तिचा मोठा भाग एका विस्थापित लेखकाच्या लेखणीतून आलेला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दरबारी इतिहासकाराची अतिशयोक्तीही त्यात गृहीत धरावी लागते.

एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाण्याची ही सोय विद्वानांना दीर्घकाळ तारत होती. राज्ये अनेक असल्यामुळे एक आश्रय तुटला तरी दुसरा मिळे. परंतु इ. स. १६३६ मध्ये निजामशाही, १६८६ मध्ये आदिलशाही आणि १६८७ मध्ये कुतुबशाही संपली. बीदर इ. स. १६५७ मध्येच मोगलांकडे गेले होते. फिरिश्ताने सतराव्या शतकाच्या आरंभी सुस्थितीत पाहिलेल्या गावानच्या मदरशाच्या काही भागात पुढे सैन्य आणि दारूगोळा ठेवण्यात आला. इ. स. १६९६ च्या सुमारास झालेल्या स्फोटात इमारतीचा दर्शनी भाग व एक मनोरा कोसळला. ग्रंथांच्या जागी दारूगोळा आला, या एका वस्तुस्थितीत त्या काळाच्या अग्रक्रमांची कल्पना येते. पुढे अठराव्या शतकात औरंगाबादेस आझाद बिलग्रामी आणि सिराज औरंगाबादी यांच्यामुळे विद्या व काव्य पुन्हा बहरले, पण इ. स. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादेस नेली आणि शहराचे महत्त्व उतरणीस लागले. विद्या पुन्हा राजधानीच्या मागे गेली.

जे टिकले ते कोठे टिकले?

मग दख्खनमधील या चार शतकांच्या ज्ञानव्यवहारातून काहीच उरले नाही काय? उरले, मात्र ते दरबाराबाहेर, लोकभाषेत आणि लोकव्यवहारात उरले. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (इ. स. १५३४ ते १५५८) जमाखर्चाच्या दप्तरातून फारसी काढून स्थानिक भाषा आणली, असे फिरिश्ता नोंदवितो. त्यामुळे हिशेब व महसूल यांचे ज्ञान गावोगावच्या कुलकर्ण्यांपर्यंत पोहोचले. शिवकाळात रघुनाथ पंडितांना राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यावे लागले, यावरून हा प्रभाव किती खोलवर गेला होता हे दिसते.

शुहूर सन हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. वर्षाची संख्या अरबी अंकशब्दांत लिहिणारी ही कालगणना पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी कागदपत्रांत वापरात होती. तिचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सुरू होई, म्हणून तिला मृगसाल असेही म्हणत. अरबी संख्या आणि शेतकऱ्याचे मृग नक्षत्र एकाच कालगणनेत आले, आणि ती गणना तिला जन्म देणाऱ्या राजवटींपेक्षा अधिक काळ जगली. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला आणि तो वारकऱ्यांच्या आदरास पात्र ठरला, तीही याच प्रक्रियेची दुसरी बाजू आहे. दरबारी फारसीतील वेधशास्त्र व तत्त्वचर्चा यांना असा लोकाधार मिळाला नाही. मुद्रणकलाही वेळेवर आली नाही. गोव्यात इ. स. १५५६ मध्ये छापखाना आला असूनही दख्खनच्या सुलतानांनी तिचा उपयोग केला नाही. त्यामुळे ज्याच्या मोजक्याच प्रती होत्या, ते ज्ञान संग्रहाबरोबर विखुरले.

संस्थेचा प्रश्न

मदरशांना वक्फाचा आधार होता, मग त्या संस्था नव्हत्या काय, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु जॉर्ज मक्दिसी यांनी दाखविल्याप्रमाणे वक्फ ही संस्थापकाच्या इच्छेने बांधलेली देणगी असते. तिच्या अटी पुढील पिढीला सहजी बदलता येत नाहीत. बोलोन्या वा पॅरिस येथील विद्यापीठांना मात्र शिक्षक-विद्यार्थ्यांचा संघ म्हणून कायदेशीर व्यक्तित्व मिळाले. नियम करणे, नवे सदस्य घेणे आणि राजाशी वाटाघाट करणे त्यांना शक्य झाले. तेथील विद्वान बगदादच्या किंवा बीदरच्या विद्वानांपेक्षा श्रेष्ठ होते असे नाही. त्यांच्या पश्चात काम चालविणारी यंत्रणा अधिक टिकाऊ होती, एवढाच फरक आहे.

समारोप

दख्खनच्या अनुभवावरून इस्लामी बौद्धिक परंपरेचा ऱ्हास धर्माच्या स्वभावातून झाला, या सरधोपट निष्कर्षाला आधार मिळत नाही. त्याचप्रमाणे सर्व दोष परकीय आक्रमणावर टाकणेही योग्य ठरत नाही. मोकळी बंदरे, बाहेरून येणाऱ्या माणसाचे स्वागत, अनेक भाषांचा सहवास आणि उदार आश्रय यांतून ज्ञान वाढले. गटबाजी, उत्तराधिकाऱ्यांचा अभाव, सततची युद्धे आणि दरबारावरील अवलंबित्व यांमुळे ते खुंटले. या इतिहासाकडे ‘त्यांचा’ इतिहास म्हणून पाहणे महाराष्ट्रातील अभ्यासकाला परवडणारे नाही. दौलताबाद, चौल, दाभोळ, कंधार आणि अचलपूर ही आपल्याच नकाशावरील नावे आहेत.

अध्यापन करणाऱ्यांसाठी यात एक निकटचा अर्थही आहे. जंगलपट्टीतील महाविद्यालय असो वा महानगरातील विद्यापीठ, एखादा विभाग किंवा ग्रंथालय बहुधा एका तळमळीच्या माणसाच्या बळावर उभे राहते. तो माणूस निवृत्त झाल्यावर ते चालते की थांबते, यावर त्याचे संस्थापण ठरते. दौलताबादची वेधशाळा पैशाअभावी थांबली नव्हती, विरोधामुळेही नाही. हकीम हसनला शिष्य नव्हता, एवढेच कारण तिला पुरले.