जगायला गेलेली गावं

दसरा होतो, नागली-वरई खळ्यावर येते आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचं बोलणं बदलतं. कुणी कुठल्या शेठकडून किती बयाणा उचलला, यंदा भिवंडीच्या वीटभट्टीवर जायचं की वसईच्या, थोरल्या पोरीला बरोबर न्यायचं की म्हातारीजवळ ठेवायचं. दिवाळी सरली की टेम्पो येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, तांदळाचं गाठोडं, कोंबड्या आणि त्यांच्यामागून माणसं चढतात. या जाण्याला इथली माणसं ‘जगायला जाणं’ म्हणतात. ही माणसं शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर राब भाजायला, पेरायला पावसाळ्यापुरती परततात. जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचा किंवा त्याच्या आसपासच्या कुठल्याही गावाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या जाण्यायेण्यावाचून सांगताच येत नाही. गावात माणसं किती, त्यांना काम कुठलं आणि पोरं शाळेत किती दिवस, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं महिन्यागणिक बदलतात.

दोन्ही तालुके आज एका दमात उच्चारले जातात, पण त्यांचा भूतकाळ वेगळा आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळ्यांचं संस्थान. चौदाव्या शतकात, १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून त्याला मान्यता मिळाल्याचं सांगितलं जातं. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात होता, शहापूर तालुक्याचा एक पेठा म्हणून. १९०१ च्या शिरगणतीत जव्हार संस्थानात ४७,५३८ माणसं मोजली गेली. एक शहर, १०८ खेडी आणि ३१० चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख. चौरस मैलाला दीडशेच्या आसपास माणसं पडत होती. पण डोंगरउतारावरची वरकस जमीन, चार महिने कोसळणारा पाऊस आणि मार्चनंतर आटणारे झरे बघता तेवढ्यांनाही ती पुरणारी नव्हती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या साऱ्यांचं निम्मं पोट जंगलावर होतं. जंगल राखीव होत गेलं तसं ते पोट सावकाराच्या दारात गेलं.

त्या दाराची गोष्ट ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ या नावानं ओळखली जाते. लग्नासाठी, देजासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं. नव्या नवरीसकट, बहुधा आयुष्यभर. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सरकारला दिला. या गुलामीची सरकारदरबारी नोंद त्यात झाली. पुढे १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावचे वारली उठले आणि वेठ व लग्नगडीची पद्धत मोडली. तरी वेठबिगारीवर कायद्यानं देशभर बंदी यायला १९७६ उजाडलं. वसई तालुक्यात वेठबिगारांना सोडवण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना उभी करावी लागली ती १९८२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर सहा वर्षांनी.

आजचा भट्टीमालक त्या सावकाराचा थेट वारस आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण व्यवहाराची चाल ओळखीची आहे. बयाणा आधी आणि काम मागून. कुटुंब ‘जोडी’ म्हणून मोजलं जातं, नवरा आणि बायको मिळून एक. माती कालवायची, गारा करायचा, साच्यातून विटा पाडायच्या, उन्हात वाळवून भट्टी रचायची. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते आणि हिशेब होतो तो हंगाम संपल्यावर. आजारपण आलं, अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजल्या, तर फिटायचं राहतं आणि पुढच्या वर्षीचं जाणं तिथल्या तिथे ठरतं.

या विटा कुठे गेल्या, ते २०११ च्या जनगणनेत दिसतं. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा निघाला. त्याच्या आठ तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या २९,९०,११६. त्यात एकट्या वसई तालुक्यात १३,४३,४०२ माणसं, जवळपास पंचेचाळीस टक्के. जव्हारमध्ये १,४०,१८७ आणि मोखाड्यात ८३,४५३. दोन्ही मिळून सव्वादोन लाखही भरत नाहीत, आणि त्यातली दहापैकी नऊ माणसं आदिवासी. पश्चिम रेल्वेच्या लोकलनं वसई-विरारला शहर केलं. त्या शहराच्या भिंती डोंगरातल्या हातांनी पाडलेल्या विटांवरही उभ्या आहेत.

पण हे आकडे तरी कोणत्या दिवसांतले? २०११ ची गणती झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. नियम असा की जो माणूस त्या सगळ्या दिवसांत घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे राहत असेल तिथे करायची. फेब्रुवारी म्हणजे भट्ट्यांचा ऐन हंगाम. १८८१ पासूनच्या साऱ्या दशवार्षिक गणत्या फेब्रुवारी-मार्चातच झाल्या आहेत, आणि पुढची गणतीही फेब्रुवारी २०२७ मध्येच ठरली आहे. देशाच्या बहुतेक भागांत हा महिना सोयीचा असेल, पण मोखाड्याच्या पाड्यावर त्या महिन्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं सापडतात. अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं हे सगळं लोकसंख्येच्या हिशेबानं मंजूर होतं. हंगामी स्थलांतराची वेगळी नोंदवही ग्रामपंचायतीनं ठेवली आणि जनगणनेच्या आकड्याशेजारी ती मांडली, तरच या दोन तालुक्यांची गरज नीट मोजली जाईल. यासाठी नवा कायदा नको, एक वही आणि मन लावून लिहिणारा ग्रामसेवक हवा.

शाळेचं वर्षही याच अडचणीत सापडतं. जूनमध्ये पट भरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा निम्मा वर्ग भट्टीवर असतो आणि एप्रिलच्या परीक्षेलाही परतलेला नसतो. याच जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा पेच फार आधी ओळखला होता. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यायची, असं म्हणत त्यांनी अंगणात बालवाडी भरवली आणि गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा काढली. पंडित दांपत्याच्या विधायक संसद या संस्थेनं हेच भट्टीवर केलं. कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून मजूर जे खोपट बांधतात त्याला भोंगा म्हणतात. तशाच भोंग्यांत १९९० च्या दशकात भोंगाशाळा भरू लागल्या. आईबाप विटा पाडत असताना मुलांचा अभ्यास सुटू नये, एवढीच त्यांची मागणी होती. शिक्षणहक्काच्या लढ्यात या शाळांची आठवण ठेवायला हवी.

सरकारनं उलट वाट धरली. आईबाप गेले तरी मूल गावाकडेच राहावं, म्हणून आश्रमशाळा. १९७० च्या दशकापासून आदिवासी भागात ही योजना पसरली आणि आज राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत. साखरशेतलाही एक आहे. या शाळांबद्दल रागानं बोलायला पुष्कळ कारणं सापडतील, निवासाच्या गैरसोयी, रिकामी पदं, आजारी पडलेली मुलं. तरीही घरातलं पहिलं दहावी झालेलं माणूस या तालुक्यांत बहुधा आश्रमशाळेतूनच आलं. जव्हार आणि मोखाडा दोन्हीकडे आता महाविद्यालयं आहेत. मात्र लहान भावंडं सांभाळायला आणि भोंग्यात चूल पेटवायला जी थोरली मुलगी नेली जाते, ती या दोन्ही वाटांतून निसटते.

शिकलेला मुलगा भट्टीवर जायला तयार नसतो, आणि ते योग्यच आहे. तो बोईसर-तारापूरच्या किंवा वाड्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे लागतो, नाहीतर वसई-विरारच्या नाक्यावर उभा राहतो. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याच्या, क्षेत्रात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदं स्थानिक आदिवासींना मिळावीत असं राज्यपालांच्या अधिसूचनेनं ठरवलं, पण भरती न्यायालयीन वादात रखडली आणि मुलांना रस्त्यावर उतरावं लागलं.

गावात रोजगार नसण्याची किंमत १९९२ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं कुपोषणानं आणि आजारानं दगावली. मंत्री आले, अधिकारी आले, योजना आल्या, रस्ते झाले. पण भुकेचा मुक्काम रोजगाराशी होता, आणि तो प्रश्न राहिला.

त्या प्रश्नावरचं महाराष्ट्राचं मोठं उत्तर म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळातून ती वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिनं वाट दाखवली. मग मोखाड्याचा मजूर ती सोडून भट्टीवर का जातो? भट्टीवाला पैसे दिवाळीआधी हातात ठेवतो. हमीचे पैसे काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, बँकेत येतात. कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आहे, पण ती पाळली जातेच असं नाही. ज्याच्या घरात साठा नाही त्याला पंधरा दिवसही लांब असतात. मजुरीचा दर वाढवण्याइतकंच काम वेळेवर सुरू होणं आणि पैसा वेळेवर मिळणं इथे मोलाचं आहे.

गाव धरून ठेवणारं दुसरं काम शेतात उगवलं. बायफ या संस्थेनं जव्हारच्या उतारांवर वाडीचा प्रयोग नेला. एकरभर जागेत आंबा-काजूची कलमं, कडेला जंगली झाडं आणि मधे भाजी. नंतर जव्हार-विक्रमगडकडे मोगरा आला. त्याची फुलं जातात दादरच्या बाजारात. मोगऱ्याचं महत्त्व त्याच्या हंगामात आहे. थंडी सरता सरता तो बहरतो आणि उन्हाळाभर रोज पहाटे कळ्या तोडाव्या लागतात, म्हणजे नेमकं भट्टीचे महिने घरच्या शेतात भरून निघतात. ज्याचा मोगरा चालतो त्याची मुलं एप्रिलपर्यंत गावच्या शाळेत दिसतात.

अडतं ते पाण्यावर. मुंबईची तहान भागवणाऱ्या वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झाला, आणि मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण २०१२ च्या सुमारास उभं राहिलं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना फेब्रुवारी-मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते. मोगऱ्याच्या दोन-चार गुंठ्यांना धरण लागत नाही. ओढ्यावरचा वनराई बंधारा, एक शेततळं आणि एक छोटा पंप पुरतो. ही कामं रोजगार हमीत बसतात आणि ती दसऱ्याच्या आत, बयाणा वाटला जाण्यापूर्वी, सुरू करता येतात.