वैनगंगेच्या खोऱ्यातील मणी आणि झिलईचे दिवस

बालाघाट जिल्ह्याचे नाव पुरातत्त्वात येते ते प्रामुख्याने धातूमुळे. १८७० साली गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे एकाच ठेव्यात सापडले, आणि पुढे भरवेलीच्या मँगनीज खाणींनी ती ओळख पक्की केली. याच वैनगंगेच्या खोऱ्यात कठीण दगड घासून आणि घोळवून त्याला चकाकी आणण्याचा उद्योगही फार जुना आहे. त्याकडे मात्र त्या मानाने थोड्यांचे लक्ष गेले. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते, नदीचे खोरे तर आजही एकच आहे. त्यामुळे या उद्योगाचा इतिहास राज्याच्या सीमेपाशी थांबवून लिहिता येत नाही.

वैनगंगा जेथे उगम पावते त्या सिवनीच्या पठारावर बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचे, थर आहेत. अशा कातळातील वायूच्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर साचले की अकीक तयार होतो, आणि कातळ झिजून गेला तरी त्याचे गोळे टिकून राहतात. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या दहा अंशांच्या मोहस मापनात अकीक सातच्या आसपास येतो. साध्या चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. या उद्योगातील कारागिराचे कसब आणि त्याचा वेळ या दोन्हींचे मूळ दगडाच्या या कठीणपणात आहे.

नागपूरजवळचे माहूरझरी हे अकिकाच्या मण्यांच्या निर्मितीचे विदर्भातील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण होय. १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले आणि पुढे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही काम केले. कच्चे गोळे, छिलके (घडवताना उडालेले कपचे), अर्धवट घडलेले आणि भोक पाडताना फुटलेले मणी असा सगळा माल तेथे मिळतो, त्यावरून मणी बाहेरून आणलेले नसून तेथेच घडत होते हे ठरते. अकिकाच्या जातीच्या दगडांचा व्यापार दख्खनमध्ये किती मोठा होता याची साक्ष इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ देतो. पैठणहून असे दगड गाड्यांवर लादून भडोचला नेले जात, असे त्यात नमूद आहे.

मणी घडवण्याच्या प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागत, हे मात्र माहूरझरीची माती सांगत नाही. त्यासाठी गुजरातमधील खंबायतकडे वळावे लागते, कारण तेथील अकीक कारागिरांची रीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये १८८० साली सविस्तर नोंदली गेली. तेथे दगड आधी उन्हात वाळवत, मग मडक्यांत घालून शेणाच्या आचेवर भाजत, म्हणजे त्यातील लोहांश लाल होऊन रंग खुले. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने तो घडवत आणि सहाणेवर घासत. शेवटी मणी, कुरुंदाची पूड, अकिकाचा बारीक भुगा आणि थोडे पाणी कातड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे समोरासमोर बसत आणि ती पिशवी दहा ते पंधरा दिवस इकडून तिकडे ओढून लोळवत. एकेका मण्यावर स्वतंत्र मेहनत न घेता शेकडो मणी एकदम चकाकू लागत, आणि साधा मणी सामान्यांना परवडण्याजोगा झाला तो बहुधा या युक्तीमुळेच.

आज हौशी लोक विजेवर फिरणाऱ्या पिंपात दगड घोळवतात तेव्हा साधारण महिनाभर लागतो: जाड भरड पुडीत आठवडा किंवा अधिक, नंतर मध्यम, मग बारीक आणि अखेर झिलईच्या पुडीत प्रत्येकी सुमारे आठवडा. दोन टप्प्यांमध्ये दगड व पिंप धुऊन काढणे अत्यावश्यक असते, कारण मागे राहिलेला एक जाड कणही पुढची सगळी झिलई ओरबाडतो. १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचिसनने शोधलेली सिलिकॉन कार्बाइडची कठीण पूड हाताशी असूनही महिना लागतो आणि खंबायतच्या पिशवीला पंधरवडा पुरे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. वास्तविक पिंप खडबडीत दगडापासून आरंभ करते, तर पिशवीत मणी पडत तेव्हा पहिले टप्पे माणसाच्या हातांनी उरकलेले असत. त्या हातांनी मोजलेली किंमत मोठी होती: कोरड्या घासणीची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा रोग खंबायतच्या कामगारांत आधुनिक काळातही आढळला आहे.

माहूरझरीत यांपैकी कोणती रीत होती, हे मण्यांवरूनच कळू शकते: सहाणेवर घासलेल्या मण्यावर समांतर रेषा उरतात आणि कडा धारदार राहतात, तर घोळवलेल्या मण्याच्या कडा, भोकाच्या तोंडाजवळच्या सुद्धा, गोलावतात. माहूरझरीच्या मण्यांची अशी तपासणी भिंगाखाली मोठ्या संख्येने व्हायला हवी, आणि मणी शेजारच्या छिलक्यांसह जागेवर सापडला तरच ती पुरती फळते. म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटापासून पवनीपर्यंत, शेतात असा मणी दिसल्यास तो उचलून न नेता जागेची खूण ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.