चोरून टिपलेल्या व्याख्यानाची कुळकथा

'लॅन्सेट' हे आज वैद्यकीय जगातले अत्यंत वजनदार साप्ताहिक. त्याचा पहिला अंक ५ ऑक्टोबर १८२३ रोजी लंडनमध्ये निघाला, आणि त्या अंकातला मुख्य ऐवज चोरीचा होता. सर ॲस्टली कूपर या नामांकित शल्यविशारदाने १ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सेंट टॉमस रुग्णालयात विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिले. त्याला न विचारता त्याचे बोलणे टिपून घेतले गेले आणि चौथ्या दिवशी ते सहा पेन्सला रस्त्यावर विकायला आले.

ही हकिकत वाचली तेव्हापासून माझ्या मनात एका वंशावळीने घर केले आहे. लस कशी बनते, साथ कशी पसरते, कर्करोगाची पेशी कशी वागते, यावरची मोठमोठ्या संशोधकांची ध्वनिमुद्रित-चित्रमुद्रित व्याख्याने आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आपल्या सभागृहातली भाषणे जगाला खुली करते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रोनाल्ड लापोर्त यांच्या पुढाकाराने सार्वजनिक आरोग्याच्या व्याख्यानांचे 'सुपरकोर्स' हे मोफत भांडार उभे राहिले. या सगळ्याचे मूळ शोधणारे बहुधा कॅमेऱ्यापाशी जाऊन थांबतात. माझ्या मते तिथे थांबणे चूक आहे. या घराण्याचा मूळपुरुष लघुलेखकाची पेन्सिल आहे, आणि त्याचे पाळण्यातले नाव लॅन्सेट.

लॅन्सेट काढणारा टॉमस वेकली हा डेव्हनमधल्या शेतकरी कुटुंबातला. १८१५ साली तो लंडनला शिकायला आला आणि कूपरच्याच व्याख्यानांना बसला. ही व्याख्याने फुकट नव्हती. विद्यार्थी त्यासाठी भक्कम शुल्क मोजत, कारण शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाची परीक्षा द्यायची तर मान्यताप्राप्त व्याख्यात्यांची हजेरीची प्रमाणपत्रे लागत. मान्यता कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळात बसलेले लोक आणि व्याख्याने देणारे लोक बव्हंशी एकच होते. खेड्यातल्या वैद्याला लंडनमधले नवे ज्ञान मिळण्याची वाट या मंडळींच्या दारावरून जात होती. वेकलीने ती वाट मोकळी केली. त्याचा सगळा पुढचा उद्योग पाहिला, तर हा निव्वळ धंदा नव्हता याबद्दल मला शंका नाही.

कूपरने काय केले? वेकलीच्या चरित्रात येणारा प्रसंग असा : तो अचानक वेकलीच्या घरी येऊन थडकला, तेव्हा वेकली त्याच्याच व्याख्यानाची मुद्रिते तपासत बसला होता. कूपर हसला. आपले नाव छापायचे नाही, एवढ्या अटीवर त्याने छपाई चालू ठेवू दिली. मजकूर बिनचूक होता हे त्याने त्या टेबलावरच पाहिले असणार, आणि म्हणूनच तो नरमला असणार, असा माझा तर्क आहे. चुकीचे टिपलेले व्याख्यान हा व्याख्यात्याचा सर्वांत मोठा धसका असतो.

सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला जॉन ॲबरनेथी मात्र हसणाऱ्यांतला नव्हता. १८२४ मध्ये लॅन्सेटने त्याची व्याख्याने छापायला घेतली, तेव्हा त्याने वर्गात बसून टिपणारा कोण हे हुडकायचा प्रयत्न केला. लिहिता येऊ नये म्हणून दिवे मालवून अंधारात व्याख्यान दिल्याचीही हकिकत सांगतात. तेही साधेना, तेव्हा तो न्यायालयात गेला. खटला प्रकाशकावर, म्हणून तो 'ॲबरनेथी विरुद्ध हचिन्सन' या नावाने ओळखला जातो.

या खटल्यावर मी जरा रेंगाळणार आहे. लॉर्ड चॅन्सेलर एल्डनपुढे प्रश्न असा आला की, हवेत विरून गेलेल्या शब्दांचा मालक कोण? ग्रंथाचे हस्तलिखित असते, त्यावर हक्क सांगता येतो. ॲबरनेथी टिपणांच्या आधाराने पण उत्स्फूर्त बोलत असे. बोललेले व्याख्यान जसेच्या तसे आधी कागदावर होते, हे त्याला दाखवता येत नव्हते, आणि त्यामुळे एल्डनने सुरुवातीला मनाई हुकूम दिला नाही. मग १८२५ च्या जूनमध्ये त्याने वेगळी वाट काढली. शुल्क भरून वर्गात बसणारा विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात न लिहिलेला करार असतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासासाठी शब्दन् शब्द टिपून घ्यावा, पण पैशासाठी तो छापून विकू नये. मनाई मिळाली ती मालकीच्या जोरावर नव्हे, विश्वासभंगाच्या मुद्द्यावर. वेकलीचे उत्तर तितकेच ठाम होते. सार्वजनिक रुग्णालयात, धर्मादाय पैशावर आलेल्या रुग्णांच्या जिवावर मिळालेले ज्ञान खासगी कसे? शिवाय ते ऐकणे सक्तीचे असेल तर ते सार्वजनिकच मानले पाहिजे.

हा वाद संसदेपर्यंत गेला. १८३५ मध्ये व्याख्यानांच्या प्रकाशनाविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि व्याख्यात्याला आपल्या व्याख्यानाचा हक्क मिळाला. अट मात्र मासलेवाईक होती. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी, त्या जागेपासून पाच मैलांच्या आत राहणाऱ्या दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे! विद्यापीठे, सार्वजनिक शाळा-महाविद्यालये आणि सार्वजनिक निधीवर उभ्या असलेल्या संस्था या संरक्षणातून वगळल्या होत्या. या अपवादात मला वेकलीचा युक्तिवाद स्वच्छ ऐकू येतो. त्याच वर्षी तो फिन्सबरीतून संसदेवर निवडून आला.

आता प्रतिस्पर्धी. पहिला आणि सर्वांत तगडा दावेदार लायडनचा हर्मान बुरहाव्हे. त्याच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांची विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून बनवलेली चोरटी आवृत्ती १७२४ मध्येच निघाली होती, म्हणजे लॅन्सेटच्या ९९ वर्षे आधी. ती चुकांनी इतकी भरलेली होती की, बुरहाव्हेने १७३२ मध्ये स्वतः अधिकृत ग्रंथ काढला आणि अस्सलपणाची खूण म्हणून त्याच्या प्रत्येक प्रतीवर सही केली. मग मूळपुरुष लायडनचा का नाही? माझे उत्तर असे की, वहीतून उतरवलेला ग्रंथ म्हणजे आठवण. विद्यार्थ्याला जे कळले, जे महत्त्वाचे वाटले, ते त्यात राहते. लॅन्सेटने अमुक वार, अमुक संध्याकाळ, अमुक सभागृह असा मथळा देऊन एक विशिष्ट घटना पकडली आणि आठवड्याच्या आत दूरच्या माणसापर्यंत पोचवली. मुद्रण याला म्हणायचे. बुरहाव्हेला मी या घराण्याचा पणजोबा मानायला तयार आहे, मूळपुरुष नाही.

दुसरा दावा जादूच्या कंदिलाचा. सतराव्या शतकात ख्रिस्तियान हॉयगन्सने घडवलेल्या या यंत्राने पुढे शास्त्रीय व्याख्यानांना पडदा दिला, चित्रे दिली. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' या नावाने त्याचेच खेळ केले. पण कंदील सभागृहात हजर असलेल्यांसाठी असतो. दिवा विझला की काहीच उरत नाही. मुद्रित व्याख्यानाचा खरा श्रोता तो, जो त्या वेळी तिथे नव्हता. या कसोटीवर कंदील बाद होतो. तो या घरात सून म्हणून आला, रक्ताचा नाही.

तिसरा दावा शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा. पॅरिसचा एतिएन-ज्यूल मारे १८८२ मध्ये बंदुकीसारख्या कॅमेऱ्याने उडत्या पक्ष्यांच्या हालचाली टिपत होता, हे सर्वश्रुत आहे. त्याने शरीर मुद्रित केले, शिकवणे नाही.

पेन्सिल आणि कॅमेरा यांची गाठ पडली ती एका दुसऱ्या खटल्यात, आणि त्याची एक दोरी थेट ओडिशापर्यंत येते.

एजेन-ल्वी द्वायेन हा पॅरिसचा धडाडीचा, भांडखोर आणि श्रीमंत शल्यविशारद. १८९८ च्या जुलैमध्ये एडिंबरो इथे ब्रिटिश वैद्यक संघटनेच्या अधिवेशनात त्याने स्वतःच्या शस्त्रक्रियांचे चलच्चित्र दाखवले. शस्त्रक्रियागृहातल्या उंच पायऱ्यांवर दाटीने बसलेल्या विद्यार्थ्यांना दिसते काय, तर डॉक्टरची पाठ. कॅमेऱ्याला हवी ती जागा देता येते. शिवाय पडद्यावर स्वतःचे हात पाहून आपल्याला आपले दोष कळले, असेही द्वायेन सांगे. त्याच्यासाठी चित्रीकरण करणाऱ्यांपैकी एक होता क्लेमां-मोरिस. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंचा जो पहिला जाहीर खेळ पॅरिसच्या ग्रां कॅफेत झाला, त्याची व्यवस्था पाहणारा हाच माणूस. पहिलेपणाचा मान द्वायेनला देण्याबद्दल वाद आहेत. पोलंडचा मातुशेव्हस्की, ब्युनोस आयर्सचा पोसादास, बुखारेस्टचा मारिनेस्कू ही नावे त्याच दोन-तीन वर्षांत येतात. मला या शर्यतीत रस नाही, कारण खटला झाला तो फक्त द्वायेनचा.

राधिका आणि दुधिका या ओडिशात जन्मलेल्या, छातीपाशी जोडलेल्या जुळ्या बहिणी. लहानपणीच त्यांना युरोपात नेऊन तमाशासारखे दाखवण्यात आले. बार्नम आणि बेलीच्या सर्कशीबरोबर त्या फिरल्या. दुधिकाला क्षय झाला. राधिका वाचावी म्हणून ९ फेब्रुवारी १९०२ रोजी द्वायेनने पॅरिसमध्ये त्यांना वेगळे केले आणि कॅमेरा चालू ठेवला. दुधिका थोड्याच दिवसांत गेली. राधिकाही पुढच्या वर्षी क्षयानेच गेली. चित्रफीत मात्र राहिली. चित्रीकरण करणाऱ्या पार्नालांने परस्पर प्रती काढून विकल्या, आणि शिकवण्यासाठी टिपलेले ते दृश्य जत्रांतल्या तंबूंत करमणूक म्हणून दिसू लागले.

द्वायेन न्यायालयात गेला. १० फेब्रुवारी १९०५ रोजी पॅरिसच्या सेन न्यायालयाने निकाल दिला. मांडणी डॉक्टरची, दृश्याची रचना डॉक्टरची, म्हणून कर्ता डॉक्टर. यंत्र फिरवणारा त्याचा मदतनीस. चलच्चित्राला कर्ता असतो हे मान्य करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी हा एक. सिनेमाच्या हक्कांचा इतिहास लिहिणारे त्याचा उल्लेख करतात, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या लंडनच्या खटल्याशी त्याची सांगड घालत नाहीत, याचे मला नवल वाटते. दोन्हीकडे वैद्यकाचा शिक्षक, दोन्हीकडे टिपणारा तिसरा माणूस, दोन्हीकडे प्रश्न एकच. पेन्सिलच्या वेळी जो वाद झाला तोच कॅमेऱ्याच्या वेळी पुन्हा झाला, म्हणून मी या दोघांना एका कुळातले म्हणतो.

एक फरक मात्र माझ्या सिद्धांताला टोचतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. लंडनच्या चोरीचा फायदा गरीब विद्यार्थ्याला आणि गावच्या वैद्याला झाला. पॅरिसच्या चोरीचा फायदा जत्रेतल्या तंबूवाल्याला. ज्ञान मोकळे करणे आणि माणूस उघडा करणे या निराळ्या गोष्टी आहेत. एल्डनपुढे व्याख्याता होता, छापणारा होता. सेन न्यायालयापुढे डॉक्टर होता, कॅमेरावाला होता. ज्यांच्या देहावर सगळे शिक्षण चालले होते, त्या राधिका-दुधिकांच्या हक्काचा विचार कुठल्याच निकालात आला नाही. आज वैद्यकीय व्याख्यानात रुग्णाचे चित्र दाखवण्याआधी त्याची संमती घेतात. या घराण्याला तो संस्कार फार उशिरा झाला.

पुढची पिढी ओळखीची आहे. ज्याँ कोमांदोंने १९०९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालचे उपदंशाचे जंतू वळवळताना चित्रित केले. रॉकफेलर फाउंडेशनने १९२० मध्ये अंकुशकृमीवर चित्रपट काढून तो गावोगाव दाखवला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवली. शेतीबरोबर आरोग्य आणि कुटुंबनियोजन हे तिचे मुख्य विषय होते. त्या सहा राज्यांत ओडिशाही होते.

वेकलीने मोकळ्या छपाईचे हत्यार पुढे सार्वजनिक आरोग्यासाठीही वापरले. १८५१ ते १८५४ या काळात आर्थर हिल हॅसलने सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या भेसळीच्या अन्नपदार्थांचे अहवाल लॅन्सेटने दुकानदारांच्या नावा-पत्त्यांसह छापले, आणि १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा आला. व्याख्यानगृहाचे दार उघडणारा माणूसच दुकानाचे दार उघडू शकतो, असे मला वाटते.

एक वही सांगायची राहिली. वेकली लंडनला आला त्याच १८१५ मध्ये गायज रुग्णालयात एक तरुण दाखल झाला आणि कूपरच्या व्याख्यानांना बसू लागला. त्याचे नाव जॉन कीट्स. पुढे कवी झालेल्या या विद्यार्थ्याची शरीरशास्त्राची वही आजही शाबूत आहे. तिच्या समासात त्याने फुले काढली आहेत. ती वही कोणी रद्दीत घातली नाही म्हणून कूपर वर्गात काय बोलत असे, हे लॅन्सेटच्या आधीच्या काळापुरते आपण पडताळू शकतो. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या आजोबा-आजींच्या वह्या आणि जुन्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांच्या कॅसेटी अनेक घरांत माळ्यावर पडून असतील. तुमच्या घरी असतील तर त्या टाकू नका. व्याख्यात्याचे नाव, वर्ष आणि महाविद्यालय वर लिहून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा त्या महाविद्यालयाकडे सोपवा.