वाळूजचा कारखाना, बंगळूरचे टेबल

1985 साली दोन शहरांत दोन गोष्टी घडल्या. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि बंगळूरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने चिप-डिझाइनचे केंद्र उघडले. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगच्या खास चिप बनवणारी हीच ती कंपनी. आज आपला पोरगा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन विचारतो, “डीएसपी शिकलो तर इथे नोकरी आहे का? पगार किती?” त्याचे अर्धे उत्तर त्या वर्षात आहे.

डीएसपी म्हणजे आवाज, कंपन, रेडिओलहरी आकड्यांत उतरवून त्यातून हवे ते वेगळे काढण्याचे गणित. मोबाइल, ईसीजी, रडार सगळे त्यावर चालते. हे गणित लिहिणाऱ्याला पगार मोठा. तयार बोर्ड बसवून तपासणाऱ्याला लहान. लिहिण्याचे टेबल बंगळूर, हैदराबाद, पुण्यात लागले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या वाट्याला मुख्यतः उत्पादन आले.

“हा मेरिटचा फरक आहे,” असे कोणी सांगेल तर त्याला इतिहास विचारा. बंगळूरला 1909 मध्ये विज्ञान संस्था, 1940 मध्ये विमान कारखाना, 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे इस्रो. त्यामागे अनेक दशकांचा सरकारी पैसा आहे. आपल्याकडे 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय उभारले, 1958 मध्ये विद्यापीठ आले, 1960 मध्ये शासकीय अभियांत्रिकी. आणि 27 जुलै 1978 ला नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. तिकडे डिझाइनची टेबले लागत होती, तेव्हा इकडे आपली पिढी एका नावासाठी लाठ्या खात होती. ती लढाई गरजेचीच होती. पण तिची किंमत कोणी मोजली?

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठीही. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज वर येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

आता कायदा बघा. खासगी नोकरीत आरक्षण नाही. पण 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखल्या, आणि तो खासगी कारखान्यांनाही लागू आहे. मेख अशी की प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. म्हणजे दारात उभे राहायचा हक्क आहे, आत बसायचा नाही.

म्हणून मित्रांनो, दोन कामे. पहिले, शिका: फूरियरचे गणित, सी भाषा, एम्बेडेड प्रोग्रॅमिंग. बेअरिंग मोडण्याआधी त्याचे कंपन ओळखणे, इलेक्ट्रिक गाडीची मोटर नियंत्रित करणे ही डीएसपीची कामे कारखानदारीच्या शहरातही लागतात. विद्यापीठाच्या आवारातच केंद्र सरकारची नाइलिट ही इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे. तिथे जाऊन विचारा.

दुसरे, संघटित होऊन मागा. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिकमध्ये सरकार जमीन, पाणी, रस्ते देते. मग येणाऱ्या प्रत्येक कंपनीला विचारले पाहिजे: डिझाइन विभाग इथे किती, त्यात शिकाऊ किती, त्यातले अनुसूचित जातींचे किती, आणि कायम किती झाले? नुसता रोजगाराचा आकडा घेऊन परत येऊ नका. रोजगार कोणत्या टेबलावरचा, ते विचारा.

जय भीम!